नेम वारकऱ्याचा की वारीचा?

टाळेबंदी उठून वर्षे लोटली. पंढरीची वाट पूर्वीसारखी भरून वाहू लागली, दिंड्या आपापल्या क्रमांकाने पुन्हा चालू लागल्या, प्रस्थानास देऊळवाड्यात पाय ठेवावयास जागा मिळेनाशी झाली. तरीही कीर्तन संपल्यावर शंका विचारावयास जी चार मंडळी मागे रेंगाळतात, त्यांपैकी कोणी ना कोणी आम्हांस अजून एकच गोष्ट विचारतो. शब्द निरनिराळे, पण पोटातली कळ तीच. "महाराज, बापाच्या मागं बत्तीस वर्षं चाललो, एक वारी चुकली नाही. त्या दोन सालांत घरी बसलो. आता माझी वारी अखंड म्हणायची का तुटली म्हणायची?" एका माउलीने याहून बिकट विचारले. "मालक दुसऱ्या लाटेत गेले. शेवटची दोन वर्षं त्यांना वारी घडलीच नाही. देवाच्या दारी त्यांचा नेम मोडला असं लिहिलं असेल का?"

वारकरी बंधुभगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शहाणी माणसे म्हणतील, सरकारने बंदी केली होती, साथ होती, त्यात तुमचा काय दोष? हे उत्तर खरे आहे, पण ते विचारणाऱ्याच्या दुखण्याला लागत नाही. त्याने पापाविषयी विचारलेलेच नाही. तो विचारतो आहे की मी ज्या एका गोष्टीवर उभा होतो ती गोष्ट अजून माझी आहे काय. आणि फाल्गुन-चैत्र तोंडावर आले असता, देहूची बीज, पैठणची षष्ठी, पंढरीची चैत्री आणि गावोगावचे सप्ताह यांच्या तयारीस लागण्यापूर्वी या प्रश्नाचा निकाल लावलेला बरा. कारण तो लागला नाही तर आपण मांडव तेवढा घालू, आत बसणारा मात्र मनाने बाहेरच राहील.

प्रथम काय घडले ते नीट आठवू या. माणसे पाच-सहा वर्षांत विसरतात, आणि विसरली की गोष्टी रचतात. 2020 साली तुकोबारायांची बीज 11 मार्चला आली. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने ही साथ जगभर पसरल्याचे जाहीर केले. पैठणची षष्ठीची यात्रा त्या वर्षी भरली नाही. 25 मार्चला गुढीपाडवा होता, आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. 4 एप्रिलची चैत्री एकादशी पंढरीने वारकऱ्यांवाचून पाहिली. जूनमध्ये देहू-आळंदीहून प्रस्थान झाले खरे, पण पादुका मंदिरातच राहिल्या, व दशमीस, 30 जून रोजी, एस.टी.च्या गाडीतून मोजक्या मंडळींबरोबर पंढरपुरास गेल्या. 1 जुलैच्या आषाढीस दर्शनाची रांगच नव्हती. रांगेतल्या वारकऱ्यास महापूजेचा मान देण्याची रीत. तो मान त्या वर्षी मंदिरात वीणा गळ्यात घालून पहारा देणाऱ्या विणेकऱ्याकडे गेला. 2021 साली पुन्हा तेच. मानाच्या दहा पालख्या गाडीने, आणि वाखरीपासून थोडे अंतर पायी. मंदिरांची दारे 16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळीच्या पाडव्यास, उघडली होती. ती पुढच्या एप्रिलात मिटली आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी घटस्थापनेस पुन्हा उघडली. सर्व निर्बंध निघाले 2 एप्रिल 2022 रोजी. तोही गुढीपाडवाच. चरणांवर डोके ठेवावयास मिळू लागले ते त्या दिवसापासून. पाडव्याला पडलेले कुलूप पाडव्यालाच पुरते निघाले. आमचा एक मृदंगवादक म्हणे, "महाराज, लोक टाळेबंदी म्हणतात, आपल्याला ती टाळबंदी झाली." विनोद त्याचा, पण त्या दोन वर्षांत त्याच्या घरची चूल कशी पेटली हे आम्हांस ठाऊक आहे, म्हणून हसू येत नाही.

आता शास्त्राकडे वळू. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात महर्षी जैमिनींनी नेमका हाच विषय घेतला आहे. कर्मे दोन जातींची. एक काम्य, म्हणजे पुत्र हवा, पाऊस हवा, स्वर्ग हवा म्हणून केलेले. दुसरे नित्य, म्हणजे फळाची इच्छा असो नसो, जन्मभर करावयाचे, अग्निहोत्रासारखे. काम्य कर्मात एक अंग उणे पडले तरी फळाची आशा धरू नये. ते सांगोपांगच झाले पाहिजे. नित्याचे तसे नाही. तेथे यथाशक्ति हा न्याय चालतो. जे जमेल ते करावे, जे खरोखरच अशक्य आहे त्यावाचून कर्म मोडत नाही. का? नित्य कर्म हा सौदा नाही, म्हणून. सौद्यात माप कमी पडले तर माल मिळत नाही. आईला भाकर वाढताना कोरड्यास नाही म्हणून कोणी भाकर परत नेत नाही.

माळकऱ्याची वारी नित्य आहे. नवस फेडावयास जो जातो त्याची वारी काम्य. त्याची तूट त्याने पाहावी. पण ज्याने गळ्यात तुळशीची माळ घातली तो पंढरीस काही मागावयास जात नाही, तो जातो म्हणून जातो. तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या वारकऱ्याने घरी राहून एकादशी धरली असेल, हरिपाठ म्हटला असेल, प्रस्थानाच्या वेळी आळंदीच्या दिशेने हात जोडले असतील, तर शास्त्रदृष्ट्या त्याची वारी अखंड आहे. हा निकाल आम्ही निःशंकपणे देतो.

परंतु निकाल मिळाला म्हणजे समाधान झाले असे नाही. कोणी म्हणेल, यथाशक्तीचा आधार घेऊन आळशीही सुटेल. मग अशक्य म्हणजे काय? गुडघा दुखतो हे अशक्य, की पाऊस आहे हे अशक्य? शिवाय, पायी चालणे हे वारीचे नुसते अंग आहे की वारीचा गाभाच आहे? येथे शास्त्राची वाट सोडून आम्ही संतांच्या घरी जातो. पैठणच्या नाथांच्या घरी.

गोष्ट सर्वांस पाठ आहे. काशीची गंगा कावडीत घालून रामेश्वरास न्यावयाची, तिने शिवास स्नान घालावयाचे. अर्ध्या भारताची वाट. वाटेत वाळवंटात उन्हाने तडफडणारे गाढव दिसले, आणि नाथांनी ती कावड त्याच्या तोंडात रिती केली. बरोबरची मंडळी हळहळली. नाथ म्हणाले, आमचा रामेश्वर येथेच पोचला. ही गोष्ट आम्ही कीर्तनात सांगतो, लोक मान डोलावतात, आणि गोष्ट तेथेच संपते. पण एक प्रश्न कोणी विचारीत नाही. नाथांची यात्रा मोडली की पुरी झाली? मोडली म्हणावी तर नाथांस दोष लागेल, तसे म्हणावयास कोणाची जीभ रेटत नाही. पुरी झाली म्हणावी तर मानावे लागते की नेम हा मोडण्याखेरीज आणखी एका रीतीने संपू शकतो: तो खर्ची पडू शकतो. कावड हातातून पडून फुटणे वेगळे, आणि तहानलेल्याच्या तोंडात रिकामी होणे वेगळे. दोन्हीत रामेश्वर कोरडाच राहतो. पण दोन्ही एक नव्हेत.

2020 साली पालखीच्या वाटेवरच्या गावांत म्हातारी-कोतारी माणसे होती. लाखोंचा मेळा तेथून गेला असता, मुक्कामाला अंगणे भरली असती, एका हंड्यातले पाणी शंभर ओंजळींनी प्यायले असते, तर काय झाले असते हे सांगावयास वैद्य नको. आपली वारी आपण त्यांच्यासाठी रिती केली. ज्याने असे समजून घरी पाऊल थांबवले, त्याची कावड नाथांच्या कावडीजवळ ठेवावयास आम्हांस संकोच वाटत नाही. ज्याने केवळ स्वतःच्या जिवाच्या भीतीने थांबवले त्यानेही पाप केले नाही; जीव राखणे पाप नव्हे. फक्त त्याने स्वतःस नाथ म्हणवून घेऊ नये.

काही मंडळी अजूनही म्हणतात, खरा भक्त असता तर बंदी मोडून गेला असता. देवाच्या दारी रोग कसला? हे बोलणे शूरासारखे वाटते, पण संप्रदायाचा अनुभव तसा नाही. पटकी ही पंढरीच्या यात्रेची जुनी सोबतीण. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी पटकीची सुई टोचून घेतल्यावाचून यात्रेत शिरू देत नसल्याच्या गोष्टी असत. दंडावर सूज घेऊन त्यांनी टाळ वाजवले. त्यांची निष्ठा त्या सुईने पातळ झाली नाही. जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली 1917 साली. पुढच्याच वर्षी मानमोडीची साथ आली आणि घरेच्या घरे ओस पडली. संस्था आजही आहे. रोग आला म्हणून संप्रदाय बुडत नाही, व रोग नाकारला म्हणून तो तरतही नाही.

मात्र नाथांची गोष्ट एकदा हाती घेतली की ती आपल्याला सोडीत नाही. गाढव तहानलेले होते, आणि नाथांनी ते पाहिले. त्या वर्षीच्या चैत्र-वैशाखात आपण आपले पाय चालू शकत नाहीत म्हणून रडत होतो, तेव्हा याच महाराष्ट्राच्या रस्त्यांवरून हजारो माणसे पायी चालली होती. त्यांच्यापुढे पताका नव्हती, मागे पाण्याचा टँकर नव्हता, मुक्कामाचे गाव ठरलेले नव्हते. मुंबई-पुण्याचे, जालन्याचे मजूर, काम बंद पडले म्हणून डोक्यावर गाठोडे आणि कडेवर लेकरू घेऊन आपल्या मुलखाला निघालेले. 8 मे 2020 रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्यांपैकी सोळा जण मालगाडीखाली गेले. गाड्या बंद आहेत असे समजून ते निजले होते. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. करमाड हे नाथांच्या पैठणपासून फार लांब नाही. मजुरांस अन्न-पाणी देणारी गावे पुष्कळ होती, वारकऱ्यांची घरेही त्यांत होती, हे आम्ही जाणतो व त्यांस साष्टांग नमस्कार करतो. पण ज्या गावांत आषाढात दिंडीला पुरणपोळी वाढण्यासाठी भांडणे होतात, त्यांतल्या काही गावांनी त्या चैत्रात वेशीवर काटे लावले होते, हेही आम्ही जाणतो. भीती होती, अज्ञान होते; दोष देत बसावयाचे नाही. पण वारी पुन्हा उभी करताना आपण कोणाला वारकरी म्हणणार, हा प्रश्न त्या रुळांवरून उठला आहे.

तसाच दुसरा प्रश्न महाद्वारातून उठतो. बंद दारापुढे उभे राहून आपण ढसाढसा रडलो. नामदेव पायरीपासून परतलो, कळसाला हात जोडले, आणि म्हणालो, देवा, आमच्यावरच ही वेळ का? अहो, त्या पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. ते जन्मभर कळसालाच हात जोडीत आले. आपले दार दोन वर्षांत मिळून वर्षभर-सव्वा वर्ष बंद राहिले, तेही रोगाने, आणि उघडणार हे ठाऊक असताना. त्यांच्या लोकांचे दार चोखोबांच्या पश्चात सहाशे वर्षे बंद होते, ते माणसांनी बंद केले होते, आणि 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणास लावले तेव्हा उघडले. ज्यांनी टाळेबंदीत दाराबाहेर उभे राहण्याची व्यथा चाखली त्यांस आता तरी चोखोबांचे अभंग कानाने नव्हे, अंगाने कळावेत. आम्हांस तर त्या काळानंतर ते कीर्तनात म्हणताना पहिल्यासारखी चाल धरवत नाही.

असो. आता कीर्तनाचा प्रश्न. टाळेबंदीत कीर्तन फोनवर आले. आम्हीही रिकाम्या देवळात, पुढे एक फोन तिवईवर ठेवून, मागे तोंडास फडके बांधलेले दोन टाळकरी उभे करून कीर्तने केली. ऐकणारे नागपुरास होते, गोव्यास होते, अमेरिकेतही होते. साथ सरली, पण ही सवय सरली नाही. पुष्कळजण विचारतात, घरी बसून ऐकले तर ते कीर्तन नव्हे काय?

मीमांसकांचा प्रतिनिधीचा विचार येथे उपयोगी पडतो. यज्ञात साळी हव्यात आणि साळी मिळत नाहीत, तर नीवार, म्हणजे देवभात, घ्यावा. सोमवल्ली नसेल तर पूतिका घ्यावी. द्रव्याला असा प्रतिनिधी चालतो. पण देवतेला प्रतिनिधी नाही, मंत्राला नाही, अग्नीला नाही, आणि ज्याचा यज्ञ त्या यजमानालाही नाही. इंद्रासाठी काढलेला हविर्भाग इंद्र नाही म्हणून वरुणाला देता येत नाही. आणि माझ्याऐवजी शेजाऱ्याने यजमान व्हावे हेही चालत नाही. हे माप लावून पाहा. फोनवर नाम तेच आहे, देव तोच आहे. बदलले ते स्थळ आणि साधन. येथवर नीवारासारखे चालेल. पण ऐकणारा? फोन चालू करून तो उशाशी ठेवला, आणि आपण भाजी निवडतो आहोत, मध्येच दुधवाल्याशी बोलतो आहोत, मुलाला रागावतो आहोत. तर त्या घरात कीर्तन ऐकले कोणी? फोननेच. आपण आपल्या जागी फोनला श्रोता म्हणून बसवले, आणि तो प्रतिनिधी शास्त्रात बसत नाही.

तरी सरसकट निषेध आम्ही करीत नाही. अंथरुणाला खिळलेली आजी आहे, दूर मुलखात नोकरीस गेलेला मुलगा आहे, रात्रपाळीचा कामगार आहे. त्यांच्या हाती हा देवभात राहू द्यावा, तो त्यांस पचतो. पण मनूने एक बजावून ठेवले आहे. मुख्य कल्प करण्याची ताकद असून जो अनुकल्पावर भागवतो त्यास फळ नाही. देऊळ चार घरे सोडून आहे, पाय धड आहेत, साथ सरली आहे, आणि तरी जो म्हणतो की आम्ही घरीच ऐकतो, त्यास साळी कोठारात असून देवभात शिजवावयाचा आहे. सावतोबांचा दाखला पुष्कळजण पुढे करतात. सावतोबा पंढरीस गेले नाहीत, मळ्यातच विठ्ठल पाहिला. अजूनही पांडुरंगाची पालखीच त्यांच्या भेटीस अरणास जाते. अगदी खरे. पण सावतोबा मळ्यात राबत होते. खाटेवर नव्हते.

राहिला त्या माउलीचा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत जड तोच. गेलेल्याचा नेम कोणाचा?

यज्ञांत सत्र नावाचा एक प्रकार आहे. त्यात सतरापासून चोवीसपर्यंत यजमान एकत्र बसतात. ऋत्विज वेगळे नसतात, यजमानच ऋत्विज. त्यामुळे दक्षिणा द्यावयाची नाही आणि घ्यावयाचीही नाही. फळ मात्र प्रत्येकास पुरते मिळते, वाटून नव्हे. आम्ही पाठशाळेत हे अधिकरण वाचले तेव्हा प्रथम मनात आली ती दिंडी. दिंडीतही गाणारा वेगळा, ऐकणारा वेगळा असे नसते. विणेकरी, टाळकरी, पताकेवाला, तुळशीवृंदावन डोक्यावर घेणारी बाई, सारेच यजमान आणि सारेच ऋत्विज. (दक्षिणेचा मुद्दा हल्लीच्या काही कीर्तनकारांनी जरा निवांत वाचावा. टाळेबंदीत दोन वर्षे नारळ मिळाला नाही त्याची भरपाई एका सप्ताहात काढावयाची, हा हिशेब तुकोबारायांच्या वहीत बसत नाही. उलट जे मृदंगवादक, जे पेटीवाले खरोखर उपाशी राहिले त्यांची चौकशी किती फडांनी केली, हेही विचारावयास हवे.) सत्राचा अधिकार ब्राह्मणांनाच, असे मीमांसक म्हणतात. येथे आम्ही मीमांसकांस नमस्कार करून पुढे जातो; वाळवंटात तो नियम चालत नाही.

या सत्रात मध्येच एखादा यजमान वारला तर काय करावे? सत्र मोडावे काय? शास्त्र म्हणते, नाही. त्याच्या अस्थी कृष्णाजिनात बांधून ठेवाव्यात, त्याचा अगदी जवळचा आप्त असेल त्याला दीक्षा देऊन त्याच्या जागी बसवावे, आणि कर्म पुढे चालवावे. संख्या उणी ठेवावयाची नाही. आणि अशा जागी बसलेला फळाचा धनी कोण, यावरही मीमांसकांनी पुष्कळ घासाघीस केली आहे. जागा भरावयास आणलेला फळाचा धनी नव्हे, धनी मूळचाच, असे त्यांचे म्हणणे.

आम्ही त्या माउलीस म्हटले, बाई, तुमच्या मालकांचा नेम मोडलेला नाही, कारण तो एकट्याचा नव्हताच. ज्या वर्षी ते घरी होते त्या वर्षी पादुका गाडीतून गेल्या, मंदिरात वीणा खाली ठेवली गेली नाही, वाखरीहून थोडकी का होईना पावले पडली. ती पावले त्यांचीही होती. वारी चालत होती, आणि ते वारीचे होते. आता त्यांची जागा रिकामी आहे. तुम्ही तेथे उभ्या राहा, किंवा नातवाला उभा करा. फळ कोणाचे हा हिशेब मीमांसकांवर सोपवा. विठ्ठलाच्या घरी एकाच ताटात किती जण जेवतात हे कोणी मोजीत नाही.

पण वाचक हो, या उत्तराला एक धार आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. वारी माझ्यावाचून चालली, म्हणून माझा नेम राहिला, असे एकदा मान्य केले की मन लगेच पुढचे पाऊल टाकते: मग ती यापुढेही माझ्यावाचून चालेल. आम्ही ज्या गावांत जातो तेथे हेच पाहतो. आषाढीस माणूस मावत नाही. तेथे कॅमेरे आहेत, रिंगणावर आकाशातून फिरणारी यंत्रे आहेत, एक दिवस चालून छायाचित्र काढून घेणारेही आहेत. येऊ देत बिचारे, त्यांतला एखादा अडकेल. पण गावच्या देवळातला पहाटेचा काकडा? एकादशीचा जागर? आठवड्याचे भजन? टाळेबंदीत ते थांबले. काही गावांत दार उघडताच पुन्हा सुरू झाले. काही गावांत मात्र टाळांची पेटी तेव्हा माळ्यावर गेली ती अजून खाली आलेली नाही. विचारले तर म्हणतात, "म्हातारी माणसं गेली, आता कोण म्हणणार?" गेलेली माणसे साथीने नेली. पेटी माळ्यावर साथीने ठेवलेली नाही.

सत्रात ज्याची जागा भरावयाची तो मेलेला असतो. जिवंत यजमान उठून घरी गेला, तर त्याच्यासाठी फळ राखून ठेवण्याची तजवीज शास्त्रात आम्हांस कोठे दिसली नाही.

म्हणून आम्हांस आषाढीपेक्षा फाल्गुन-चैत्राची काळजी अधिक. बीजेला देहूत नांदुरकीखाली भर दुपारी फुले उधळावयास लोक येतीलच. पैठणास षष्ठीला दिंड्या येतील, अष्टमीस सूर्यास्ताच्या वेळी काल्याची हंडी फुटेल. पाडव्यापासून पंढरीत देवाच्या अंगाला चंदनाची उटी लागू लागेल. चैत्री करून काही मंडळी शिंगणापूरच्या कावडीकडे वळतील. हे सारे होईल, त्याला आपल्या लेखाची गरज नाही. प्रश्न आहे तो गावच्या सप्ताहाचा. सुगी उरकलेली, हाती थोडा पैसा, अंगणात थोडी सवड, अशा वेळी गाव सात दिवस एका मांडवाखाली बसते. आणि फड टिकतो तो याच सात दिवसांवर, पालखीच्या वीस दिवसांवर नव्हे.

काल्याविषयी एक शंका अनेकांच्या मनात असते, ती बोलून टाकतो. एकाने दुसऱ्याच्या तोंडात लाह्या-दह्याचा घास घालावयाचा, ही काल्याची रीत. साथीनंतर काही ठिकाणी ती सुटली. आता काला द्रोणातून वाटतात, ज्याने त्याने आपल्या हाताने खावा. आरोग्याच्या दृष्टीने यात चूक नाही, आणि ज्यास खोकला-पडसे आहे त्याने तर दुसऱ्याच्या तोंडाजवळ हात नेऊच नये. परंतु ज्यास काही झालेले नाही त्यानेही द्रोणच धरावा काय? काला ही गोड खाण्याची सोय नव्हे. कोणाच्या हातचे कोणी खावे याचे जे कडक नियम आपल्या समाजाने शतकानुशतके पाळले, ते एका घासात मोडण्याची ती युक्ती आहे. साथीच्या निमित्ताने तो घास सुटला आणि जुना विटाळ नव्या नावाने, स्वच्छतेचे सोवळे नेसून, मागच्या दाराने आत आला, तर चोखोबांच्या समाधीपुढे आपण काय सांगणार? हात धुण्यास साबण ठेवा, पाणी ठेवा, हवे तर दोन घागरी जास्त ठेवा. पण घास दुसऱ्याच्याच तोंडात जाऊ द्या.

आणि विणेच्या पहाऱ्याचे पाहा. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. मांडवाच्या खांबाला पहाऱ्याचा तक्ता चिकटवलेला असतो. दर दोन तासांचा एक रकाना, रकान्यात नाव. सकाळ-संध्याकाळचे रकाने आधी भरतात, पुढारी मंडळी त्यांत आपले नाव घालून घेतात. रात्री दोन ते चार हा रकाना पूर्वी म्हाताऱ्यांचा असे. झोप तशीही लागत नाही, म्हणून ते आनंदाने उभे राहत. त्यांच्यापैकी कितीजण त्या दोन वर्षांत गेले हे ज्या त्या गावाने आपल्या खांबाशी उभे राहून मोजावे. यंदाच्या चैत्रात तक्ता लिहावयास घ्याल तेव्हा त्या रकान्यापासून आरंभ करा. कॉलेजात जाणारा मुलगा असो, सून असो, गावात ऊसतोडीला आलेल्या टोळीतला कोणी माळकरी असो. नाव घाला, वीणा कशी धरावयाची ते आदल्या दिवशी शिकवा, आणि पहिल्या रात्री कोणीतरी त्याच्याजवळ बसून राहा. वर्गणीचा आणि लाऊडस्पीकरचा विचार त्यानंतर.